अर्बुद, झाडपाला आणि शस्त्र

वऱ्हाडच्या उत्तर अंगास, जेथून सातपुड्याची रांग निळ्या भिंतीप्रमाणें डोळ्यांपुढें उभी राहते, तेथें संग्रामपूर तालुक्यांत वरवट बकाल हें गांव आहे. काळी जमीन, पऱ्हाटी आणि तूर, विहिरींना खारें पाणी, आणि आजाऱ्याला दूर कोठें न्यावयाचें म्हटलें कीं आधीं शेगांवचें स्टेशन गांठावयाचें, अशी या मुलखाची रीत. १९०५ सालापूर्वीं हा भाग अकोला जिल्ह्यांत मोडत असे. त्या सालीं जळगांव तालुका बुलढाण्यास जोडण्यांत आला, आणि पुढें त्याच तालुक्यांतून संग्रामपूर निराळा झाला. आमचें वडिलोपार्जित घर या गांवीं आहे. त्या घरांत एक बाड आहे; त्यापासूनच या लेखास आरंभ करणें सोयीचें होईल.

बाड आमच्या आजोबांचें. ते व्यवसायानें वैद्य नव्हते. पण त्या काळच्या पुष्कळ गृहस्थांप्रमाणें त्यांना औषधें टिपून ठेवण्याची हौस होती. कोणी बैरागी ओसरीवर उतरला, कोणी कोरकू भुमका डोंगरांतून मुळी घेऊन बाजारास आला, कीं त्यानें सांगितलेलें औषध लागलीच बोरूनें बाडांत उतरे. गंडमाळेस काय लावावें, नासूर कशानें भरून येतो, काळपुळीवर कोणता पाला वाटून बांधावा, राजफोड फुटत नसेल तर काय करावें, हें सर्व त्यांत आहे. कर्करोग हा शब्द मात्र त्यांत कोठेंहि नाहीं. याचें आम्हांस लहानपणीं नवल वाटे. पुढें कळलें कीं हा शब्दच मुळीं पाहुणा आहे. हिपोक्रेटिसाच्या परंपरेंतील ग्रीक वैद्यांनीं गांठीभोंवतीं पसरलेल्या शिरा पाहून तिला खेंकड्याचें नांव दिलें, सेल्सस या रोमन लेखकानें त्याचें लॅटिन केलें, आणि आमच्याकडे त्याच खेंकड्याचा कर्क झाला. रोग जुना, नांव नवें. आजोबांच्या नासुरांत आणि राजफोडांत कर्करोगाचे किती रोगी दडलेले असतील, याचा हिशेब आतां कोण करणार?

तीन वर्षांपूर्वीं आमच्या वडील भगिनींच्या (सारें गांव त्यांस आक्का म्हणतें) स्तनांत गांठ निघाली. तपासणींत ती दुष्ट ठरली. शस्त्रक्रिया झाली, आणि मागाहून शिरेवाटे द्यावयाच्या औषधांचें, म्हणजे केमोथेरपीचें, सत्र सुरू झालें. तेव्हांपासून घरांत तीन पक्ष पडले. पहिला म्हणे, डॉक्टर सांगतील तेवढेंच करावें. दुसरा म्हणे, हीं जहाल औषधें सोडावीं आणि अमक्या ठिकाणच्या वैदूची पुडी आणावी. तिसरा, आणि संख्येनें सर्वांत मोठा, म्हणे कीं दोन्ही चालूं द्यावें. घरगुती औषधानें गुण आला तर आला, अपाय तर कांहीं होत नाहीं. आम्ही इतिहासाचे अध्यापक, चार पुस्तकें वाचलेले. पण सांगावयास संकोच वाटतो कीं आम्ही तिसऱ्या पक्षांत होतों. त्या पक्षाचें म्हणणें इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतें, हें मागाहून शोधीत बसलों, त्याचा हा वृत्तांत.

आमच्या पक्षाचा पहिला आधार अर्थातच आपले प्राचीन ग्रंथ. तेव्हां तेच उघडून पाहूं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अकराव्या अध्यायांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचें वर्णन एके ठिकाणीं केलेलें आहे. अर्बुद म्हणजे गोल, न हलणारी, मंद वेदनेची, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी अशी मोठी मांसाची गांठ. वात, पित्त, कफ, रक्त, मांस आणि मेद असे तिचे सहा प्रकार. त्यांपैकीं रक्तार्बुद आणि मांसार्बुद हीं असाध्य. एका अर्बुदावर दुसरें उठलें तर तें अध्यर्बुद, दोन जोडीनें किंवा एकामागून एक झालीं तर द्विरर्बुद. त्यांचीहि आशा नाहीं. हें वर्णन करणाऱ्यानें रोगी पुष्कळ पाहिले असले पाहिजेत याविषयीं शंका राहत नाहीं. मात्र अर्बुद म्हणजे आजचा कर्करोग असें समीकरण मांडून छाती फुगविणारांशीं आम्ही सहमत नाहीं. मेदोर्बुदांत मोडणाऱ्या कित्येक गांठी आज निरुपद्रवी चरबीच्या ठरतील.

आतां चिकित्सा पाहा. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायांत लेप, शेक, जळवा, वांतिविरेचन हीं सर्व आहेत; परंतु प्रकरणाचा जोर आहे तो शस्त्र, क्षार आणि अग्नि यांवर. गांठ काढावयाची ती समूळ काढा, थोडीहि शिल्लक ठेविली तर ती पुन्हां वाढेल आणि राखेखालीं राहिलेल्या विस्तवाप्रमाणें रोग्याचा घात करील, असा त्या ठिकाणच्या उपदेशाचा आशय आहे. आजचा शल्यवैद्य कांठाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाठवितो, तो याच भीतीनें. म्हणजे ज्या ग्रंथाचा हवाला देऊन आमच्या घरांतील दुसरा पक्ष शस्त्रास नको म्हणत होता, त्या ग्रंथांत झाडपाला हा शस्त्राचा साहाय्यक आहे. क्षारसुद्धां वनस्पतींच्या राखेचाच. पण त्याचें काम मांस जाळण्याचें. युरोपांतहि असाच मार्ग चालला होता: १८५० च्या दशकांत लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांत फेल नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें एका वनस्पतीची मुळी आणि जस्ताचा क्षार यांच्या लेपानें स्तनाच्या गांठी जाळण्याचा प्रयोग केला होता. गांठ जळे, रोग पुष्कळदां मागें राही.

मग आपल्याकडे शस्त्र सुटून केवळ पाला कसा उरला? ग्रंथ राहिले, हात गेले, एवढेंच थोडक्यांत सांगतां येईल. शवाला स्पर्श न करणारा वैद्य शरीर कसें शिकणार? शस्त्रकर्म विद्वानांच्या पाठशाळेंतून निघून कारागिरांच्या ओसरीवर गेलें. १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत पुण्याजवळची हकीकत छापून आली: टिपूच्या लोकांनीं नाक कापलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानाला विटा भाजणाऱ्या जातींतील एका माणसानें कपाळाचें कातडें वळवून नवें नाक बसवून दिलें, आणि इंग्रज डॉक्टरांनीं तें पाहिलें. त्या हकीकतीवरून युरोपांत नाकाच्या शस्त्रक्रियेस नवी चालना मिळाली. त्याच पुण्यांत शास्त्रीमंडळी सुश्रुत पाठ म्हणत असतील. नाक बसविणारा मात्र वीटवाला होता.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें, आणि मग शिकलेल्या लोकांचे दोन तट झाले. तरी हे तट लोक समजतात तितके अभेद्य नव्हते. अष्टांगहृदयाची टीकेसह छापील आवृत्ति १८८० सालीं मुंबईंत ज्यांनीं काढली, ते अण्णा मोरेश्वर कुंटे हे नव्या वैद्यकाचे पदवीधर होते. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे सरकारी नोकरींतील सर्जन. हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवरील त्यांचा आणि बसूंचा विख्यात ग्रंथ १९१८ सालीं, कीर्तिकरांच्या निधनानंतर, बाहेर आला. उलट बाजूस शंकर दाजी शास्त्री पदे यांनीं १९०७ सालीं नाशकास आयुर्वेदाचें महामंडळ उभें केलें, आणि त्यांच्या ‘आर्यभिषक्’ ग्रंथानें घरोघरीं एक कोनाडा मिळविला. आमच्या आजोबांच्या बाडांतील निम्मा मजकूर त्यांतूनच उतरलेला आहे, हें आम्हीं ताडून पाहिलें. बैराग्याच्या नांवावर खपलेलें कित्येक औषध छापील पुस्तकांतलें निघालें. असो.

मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या आणि पुढच्याच वर्षीं सर दोराबजीहि गेले. त्यांच्या विश्वस्तनिधींतून परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, तेव्हां त्यांत ऐंशी खाटा होत्या. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४५ सालीं एका अमेरिकन नियतकालिकांत आपल्याकडील राहणीशीं बांधलेले तीन कर्करोग वर्णिले: कमरेशीं धोतर आवळून होणारा, उलटी चुट्टी ओढल्यानें टाळूस होणारा, आणि तंबाखू-चुन्याची गोळी ओठाखालीं धरल्यानें होणारा. कर्करोग हा नशिबाचा फेरा नसून त्याचीं कारणें शोधतां येतात, हें आपल्या देशांतील दाखल्यांनीं त्यांनीं दाखविलें. येथें एक गोष्ट सुचते ती सांगून टाकतों. ‘वनस्पतीपासून अपाय होत नाहीं’ असें आमचा पक्ष म्हणे. पण आमच्या खेड्यापाड्यांत तोंडाच्या कर्करोगाचें जें सर्वांत मोठें कारण, ती तंबाखू वनस्पतीच आहे, आणि पोर्तुगीजांनीं ती आणली तेव्हां युरोपांत तिची ख्याति औषधी म्हणूनच होती.

परळला जाणारे वऱ्हाडी रोगी दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेंत उतरतात. अमरावतीकडच्या या संताच्या नांवानें मुंबईंत आपल्या माणसाला निवारा मिळावा यांत एक समाधान आहे. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयास तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव आहे. तेहि १९६८ सालीं याच रोगानें गेले.

आतां या इतिहासाचा जो भाग आमच्या मतें सर्वांत रसाळ आहे, तिकडे वळूं. सदाफुली कोणाच्या अंगणांत नाहीं? ही मूळची मादागास्करची. सुश्रुतास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. देशोदेशीं लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ सालीं जमेकांतून अशींच पानें कानडांत पोहोंचलीं. रॉबर्ट नोबल आणि चार्लस बीअर यांनीं तीं उंदरांस देऊन पाहिलीं. रक्तांतील साखर ढळली नाहीं. पण पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटल्या. दुसरा कोणी असता तर ‘औषध निरुपयोगी’ म्हणून सोडून देता. या दोघांनीं उलटा विचार केला: ज्या रोगांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तेथें हाच गुण होईल. १९५८ सालीं त्यांनीं व्हिनब्लास्टीन जाहीर केलें. पाठोपाठ एका अमेरिकन औषधकंपनीच्या प्रयोगशाळेंतून व्हिनक्रिस्टीन निघालें. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजहि तें वापरतात. पण त्याचें प्रमाण पाहा. वाळलेल्या पानांचे शेंकडों किलो शिजवावे तेव्हां एक ग्रॅम व्हिनक्रिस्टीन हातीं येतें, आणि रोग्यास एका वेळीं द्यावयाचें तें दोन मिलिग्रॅमच्या आंत. त्याहून अधिक झालें तर मज्जातंतु निकामी होतात. मूठभर पानांच्या रसांत तें किती, कोणत्या ऋतूंत किती, हें कोणत्याहि आजीबाईस किंवा प्राध्यापकास सांगतां येणार नाहीं.

दुसरी कथा खानदेशांतली आहे, आणि ती मराठी वाचकांस जितकी ठाऊक असावी तितकी नाहीं. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालीं नंदुरबारास झाला. मुंबई विद्यापीठाची रसायनाची एम्. एस्सी. घेऊन ते कांहीं काळानें अमेरिकेस गेले, १९६२ सालीं इंडियाना विद्यापीठाचे डॉक्टर झाले, आणि उत्तर कॅरोलिनांतील एका संशोधनसंस्थेंत मन्‍रो वॉल यांच्या हाताखालीं लागले. अमेरिकन सरकारनें तेव्हां हजारों झाडांचीं सालींपानें कर्करोगासाठीं तपासण्याचें काम काढलें होतें. चीनच्या ‘आनंदवृक्षा’पासून वॉल आणि वाणी यांनीं १९६६ सालीं कॅम्प्टोथेसीन वेगळें केलें, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नांवाच्या झाडाच्या सालींतून टॅक्सॉल काढून त्याची रचना १९७१ सालीं प्रसिद्ध केली. ती साल १९६२ सालीं गोळा झालेली. औषध म्हणून टॅक्सॉलला मान्यता मिळाली १९९२ सालीं. तीस वर्षें! दरम्यान सूसन हॉरविट्झ यांनीं १९७९ सालीं दाखविलें कीं हें द्रव्य पेशीच्या आंतील सूक्ष्म नळ्या गोठवून तिचें विभाजन थांबवितें. वाणी २०२० सालीं वारले. जातां जातां एक गंमत: बकाल हा शब्द मूळ अरबी, आणि जुन्या मराठींत त्याचा अर्थ वाणी, किराणा विकणारा, असा होतो. हा निव्वळ योगायोग. पण आमच्या गांवाशीं या वाणींचा संबंध पुढें निराळ्याच वाटेनें आला, तो सांगणारच आहों.

कॅम्प्टोथेसीन तर आपल्या सह्याद्रींतच निघालें. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे नरक्या नांवाचें झाड आहे. फुलांच्या दुर्गंधीवरून हें नांव. मुंबईस गोरेगांवच्या प्रयोगशाळेंत गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनीं १९७२ सालीं त्यांत तेंच द्रव्य असल्याचें दाखविलें, आणि कांहीं वर्षांतच त्या झाडावर कुऱ्हाड पडूं लागली. चोरट्या तोडीनें नरक्याचीं रानें उजाड झालीं. आणि येवढें करून मूळ द्रव्य रोग्यास जसेंच्या तसें देतां आलें नाहीं: १९७० च्या सुमारास झालेल्या चाचण्यांत तें फार विषारी ठरलें. रसायनज्ञांनीं त्याचा रेणू बदलून इरिनोटेकान आणि टोपोटेकान हीं औषधें तयार केलीं, तीं १९९० च्या दशकांत उपयोगांत आलीं. वनांत विष होतें. त्याचें औषध करावयास पंचवीस वर्षें आणि पुष्कळ रोग्यांचें सहकार्य लागलें.

यावरून पहिल्या पक्षाचीहि एक चूक दिसते. ‘झाडपाला म्हणजे अडाणीपणा’ असें म्हणणाऱ्या त्या मंडळींच्या सलाइनच्या बाटलींत झाडाचाच अर्क असतो. पण दुसऱ्या पक्षानें या कथांचा जो उपयोग चालविला आहे तो याहून घातक आहे. हळदीचें उदाहरण घ्या. १९९५ सालीं अमेरिकेंत जखमेवरील हळदीचें पेटंट दिलें गेलें, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या वैज्ञानिक परिषदेनें त्यास हरकत घेतली आणि १९९७ सालीं तें रद्द करविलें. अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु खटला होता जखमेचा आणि मालकीचा. ‘हळदीनें कर्करोग बरा होतो’ हा निकाल त्यांतून कोणीं काढला? कांचेच्या बशींत हळदीचें सत्त्व कर्कपेशींना मारतें. पोटांतून दिलें असतां त्यांतलें अत्यल्प रक्तांत उतरतें. वायगांवची असो वा सांगलीची, भाजींत ती अवश्य असावी. उलट सुंठीविषयीं चांगला पुरावा आहे: २०१२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणींत केमोथेरपीच्या पहिल्या दिवसाची मळमळ अर्ध्या ते एक ग्रॅम सुंठीनें कमी झाली. पण तेथें रोगी वांतीवरचीं नेहमीचीं औषधेंहि घेत होते, आणि सुंठ ठरलेल्या मापानें दिली जात होती.

येथें आमच्या तिसऱ्या पक्षाचा खरा प्रश्न येतो. दोन्ही एकदम घेतलें तर काय होतें? पाश्चात्य देशांत उदासीनतेवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पति घ्या. २००२ सालीं हॉलंडमध्यें दिसलें कीं इरिनोटेकानबरोबर ती घेतली असतां त्या औषधाच्या कार्यकारी अंशाचें रक्तांतील प्रमाण ४२ टक्क्यांनीं उतरतें. वनस्पति यकृताला जागें करते, यकृत औषध लवकर निकालांत काढतें, आणि रोग्यास कळतहि नाहीं कीं आपण अर्धें औषध फुकट घालविलें. गुळवेलीची गोष्ट जवळची. करोनाच्या सांथींत घरोघर तिचा काढा शिजला. २०२० च्या अखेरीस चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे असे सहा रोगी आले कीं ज्यांच्या यकृतास इजा झाली होती आणि जे सर्व गुळवेल घेत होते. २०२१ सालीं तें प्रसिद्ध होतांच आयुष मंत्रालयानें हरकत घेतली: ती वेल गुळवेलच होती, तिच्याच जातीची दुसरी विषारी वेल नव्हती, हें कशावरून? हरकत रास्त असेल. पण ती मान्य केली तर अडचण वाढतेच. कारण बांधावरून ओढून आणलेली वेल कोणती, हें आमच्या स्वयंपाकघरांत कोण ओळखणार होतें?

अमेरिकेंत येल येथील संशोधकांनीं २०१८ सालीं दोन निबंध प्रसिद्ध केले. बऱ्या होण्याजोग्या कर्करोगाचे जे रोगी केवळ पर्यायी उपचारांवर राहिले, त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. स्तनाच्या कर्करोगांत पांचपटींहूनहि अधिक. दुसरा निबंध आमच्या पक्षासाठींच जणूं लिहिलेला. ज्यांनीं नेहमीच्या उपचारांबरोबर पर्यायी उपचार घेतले, त्यांचा धोकाहि दुप्पट निघाला. कां? त्यांतील पुष्कळांनीं शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा किरणोपचार यांपैकीं कांहीं ना कांहीं नाकारलें होतें. केमोथेरपी नाकारणारे या गटांत ३४ टक्के, इतरांत ३ टक्के. म्हणजे ‘दोन्ही’ म्हणतां म्हणतां एक हळूच सुटतें, आणि कोणतें सुटतें तें सांगावयास नको.

वेळेचें मोल किती, याचा दाखला आपल्याकडेच आहे. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयानें १९८७ पासून ग्रामीण रोग्यांची नोंदवही ठेविली, देशांतील अशी ती पहिली. पुढें उस्मानाबाद जिल्ह्याच्या खेड्यांत १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या कामाचा अहवाल २००९ सालीं निघाला: गर्भाशयमुखाची विषाणूसाठीं एकदांच तपासणी केली, तर त्या कर्करोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर येतात. या उलट लेप लावून सहा महिने वाट पाहणाऱ्या बाया प्रत्येक गांवांत आहेत. त्यांना वाट पाहावयास लावणारे जाहिरातदारहि आहेत. १९५४ च्या कायद्यानें कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणें हा गुन्हा ठरविला आहे, याची त्यांस फिकीर दिसत नाहीं.

असें असलें तरी सर्वच वैद्यांना या रांगेंत बसविणें अन्यायाचें होईल. पुण्याजवळ वाघोलीस १९९४ पासून आयुर्वेदीय उपचार आधुनिक उपचारांच्या जोडीनें देण्याचें काम चाललें आहे; शस्त्रक्रिया टाळा असें तेथें सांगत नाहींत. तेथील अनुभवांची पारख मोठ्या, काटेकोर चाचण्यांत व्हावयास हवी, एवढेंच आमचें म्हणणें. आणि अफूचा विसर पडूं नये. आजोबांच्या बाडांत दुखण्यावर अफू आहे. जर्मन औषधविक्रेता झेर्टुर्नर यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तिच्यांतून मॉर्फीन काढलें. कर्करोग्याच्या अखेरच्या वेदनेवर तितका भरंवशाचा उपाय दुसरा नाहीं. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें मात्र तो डॉक्टरांच्याहि हातांबाहेर गेल्यासारखा झाला, आणि २०१४ च्या दुरुस्तीनें कांहींसा परत आला.

आतां आक्कांकडे येतों. तिसऱ्या खेपेच्या आधीं रक्त तपासलें, तों यकृताचे आंकडे चढलेले. औषध पुढें ढकलावें लागेल असें ठरलें. तरुण डॉक्टरीणबाईंनीं विचारलें, ‘आजी, घरचं काही औषध घेता का?’ आम्ही, भाचा आणि त्याची बायको असे तिघे उभे होतों. भाच्यानें जमिनीकडे पाहिलें. आम्हीं ‘नाहीं’ म्हणून सांगितलें. रागावतील, उपचार थांबवितील, आपण शिकलेले असून आपल्या घरीं असें चालतें हें कळेल, असें कायकाय त्या एका क्षणांत मनांतून गेलें. काढा रोज सकाळीं होत होता, पुडी मध्यरात्रीं दिली जात होती, आणि पुडीचे पैसे आम्हीं दिले होते.

आक्कांनीं आमच्याकडे पाहिलें. मग कनवटीची गांठ सोडून पुडी काढली आणि टेबलावर ठेविली. ‘हे पाय वं बाई, हे घेतो मी. अन् सकाळी गुळवेल.’ आणि आमच्याकडे वळून, ‘लपवाचं कायले, बाप्पा?’

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहींत. पुडी त्यांनीं हुंगली, कागदांत बांधून ठेवून घेतली, केव्हांपासून घेतां, किती घेतां, हें सर्व लिहून घेतलें. दोन्ही बंद करा म्हणाल्या. सुंठ चालेल, हळदीचें दूध नेहमीइतकें चालेल. यकृत दुखावलें तें काढ्यानें कीं औषधानें, हें आतां ठरवितां येणार नाहीं, असेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें. तीन आठवड्यांनीं आंकडे उतरले आणि तिसरी खेप दिली गेली. तो कागद आमच्या हातीं होता. त्यावर औषधाचें नांव होतें पॅक्लिटॅक्सेल. नंदुरबारच्या वाणींनीं सालींतून काढलेला टॅक्सॉल तो हाच, हें आम्हांस तेव्हां माहीत नव्हतें. रात्रीं धर्मशाळेंत बसून शोधलें तेव्हां कळलें.

आक्का सध्यां वरवट बकालास आहेत. दर सहा महिन्यांनीं तपासणीस जातात. आजोबांचें बाड त्यांच्या उशाशीं असतें, आणि त्याच्या अखेरच्या कोऱ्या पानावर त्यांनीं भाच्याकडून बॉलपेनानें एक यादी लिहवून घेतली आहे. शस्त्रक्रियेची तारीख, पॅक्लिटॅक्सेलच्या खेपा आणि प्रत्येकीची तारीख, रोजची गोळी, रात्रीं जेवणानंतर एक, सुंठ, चिमूटभर, डॉक्टरांस सांगून. त्याखालीं दोन ओळी आहेत. गुळवेलीचा काढा, बंद. पुडी, बंद, डॉक्टरबाईकडे दिली.